पाटील, फक्त सही करा म्हणतील, तेव्हा : खान्देशातल्या गावकारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील आणि विविध कार्यकारी सोसायट्यांचे चेअरमन,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

सप्रेम नमस्कार.

गावात एखाद्या वयस्कर माणसाने ‘लिहून ठेवायचं’ असा विषय काढला की साक्षीदार म्हणून पहिले नाव तुमचे निघते. तुमच्या सहीला गावात वजन आहे. पण प्रत्यक्षात होते असे की कागद तालुक्याला तहसील कचेरीसमोर टाइप होतो, आबा घरी खाटेवर बसल्या बसल्या सही किंवा अंगठा करतात आणि मग मुलगा तो कागद पिशवीत घालून मोटारसायकलवर तुमच्या ओट्यावर येतो. ‘पाटील, आबांची सही झाली आहे. इथं फक्त तुमची करा.’ तुम्ही आबांना ओळखता, मुलाला ओळखता, मजकूरही खराच असतो. तुम्ही सही करता. मृत्युपत्र तिथेच मोडते, कळते मात्र दहा-पंधरा वर्षांनी, कोर्टात. तोपर्यंत आबा नसतात.

मृत्युपत्र करा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ते कशाने टिकते हे साक्षीदारालाच कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याच्या कलम ६३ मध्ये थोडक्याच गोष्टी मागितल्या आहेत, पण त्यात सूट नाही. लिहून देणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी, किंवा ‘ही माझीच सही आहे’ असे त्याच्या तोंडून ऐकावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने आपली सही लिहून देणाऱ्याच्या समोर करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. पण लिहून देणारा दोन्ही वेळा समोर हवाच. आबा घरी आणि तुम्ही ओट्यावर, हे चालत नाही.

पुढे वाद झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ नुसार किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभे करावे लागते. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ६८ होते. तिथे विरुद्ध बाजूचा वकील दोनच प्रश्न विचारतो. मयताने तुमच्यासमोर सही केली का? तुम्ही मयतासमोर सही केली का? ‘कागद माझ्या घरी आणला होता’ असे खरे उत्तर दिले की मृत्युपत्र गेले. खोटे दिले तर तुम्ही गेलात. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले मृत्युपत्रसुद्धा यातून सुटत नाही. खरेदीखत नोंदले की पुष्कळदा साक्षीदाराशिवाय भागते, मृत्युपत्राला ती सवलत नाही. आणि नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही.

सही कशी व्हावी ते नीट सांगतो.

वेळ सकाळची धरावी, म्हातारे माणूस ताजेतवाने असते तेव्हाची. खोलीत लिहून देणारा, दोन साक्षीदार आणि वाचून दाखवणारा एवढेच असावेत. ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्याने त्या वेळी शेतात जावे. मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, गट क्रमांकांसह. आबा अहिराणीत विचारतील तर उत्तरही अहिराणीतच द्यावे. सातपुड्यातल्या गावात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला कोर्टाच्या मराठीतला मजकूर वाचून दाखवणे म्हणजे न दाखवण्यासारखेच आहे. त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगावे आणि ‘वरील मजकूर पावरी बोलीत अमुक यांनी समजावून सांगितला, तो मला मान्य आहे’ अशी ओळ कागदावर टाकावी. मग प्रत्येक पानाच्या खाली सही, शेवटच्या पानावर मजकूर जिथे संपतो त्याला लागूनच सही. मध्ये चार बोटे कोरी जागा राहिली की कोणीतरी नंतर ओळ घुसवली असा आरोप होतो. अंगठा असेल तर शाई पुसट नको. ठशाशेजारी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि नाव लिहावे, ज्याने ते लिहिले त्याने आपला दस्तुर घालावा. खाडाखोड झालीच तर तिच्याजवळ लिहून देणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे हवीत. सगळ्यांनी शक्यतो एकच पेन वापरावे. शेवटी साक्षीदारांच्या सह्या, खाली पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख आणि ठिकाण.

एवढे झाले की घरी जाऊन स्वतःच्या वहीत दोन ओळी टिपून ठेवा. कोणत्या दिवशी, कोणाच्या घरी, कोण कोण होते, आबा काय बोलले. पंधरा वर्षांनी साक्ष द्यायची वेळ आली तर त्या दोन ओळी तुमच्या स्मरणाला आधार देतील.

साक्षीदार कसा निवडावा यातही गावात एक चूक नेहमी होते. सत्तर वर्षांच्या आबांना साक्षीदार म्हणून त्यांचेच पंचाहत्तरीचे मित्र आणले जातात. प्रेमाने आणले जातात, पण साक्षीची वेळ येते तेव्हा दोघेही नसतात. मग हस्ताक्षर ओळखणारे शोधत फिरावे लागते. एक साक्षीदार तरी चाळिशीच्या आतबाहेरचा, गावातच राहणारा हवा. सुरतेला किंवा अंकलेश्वरला कामाला असलेला नको, कारण तो प्रत्येक तारखेला येऊ शकत नाही. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्षीदार होऊ नये. हिंदूंच्या बाबतीत त्यामुळे मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते, आणि मृत्युपत्राचे अर्धे खटले संशयावरच लढले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली एच. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात घालून दिलेला नियम आजही चालतो. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते. लाभार्थ्यानेच वकील शोधला, त्यानेच गाडी केली, त्यानेच फी दिली. बायकोला किंवा मुलीला काहीच दिले नाही आणि का दिले नाही याचे एक वाक्यही नाही. मृत्यूच्या चार दिवस आधी दवाखान्यात सही झाली. कागद आठ वर्षांनी बाहेर आला. यातले काही दिसले तर सही करण्याआधी थांबा आणि विचारा.

वय सत्तरच्या पुढे असेल किंवा दुखणे मोठे असेल तर त्याच दिवशी तपासलेल्या डॉक्टरांचा दाखला जोडावा. कायदा तो मागत नाही. पण ‘वेळ, ठिकाण, माणसे ओळखतात, आपली मिळकत कोणती ते सांगतात’ असे डॉक्टरांनी मृत्युपत्रावरच लिहून सही केली तर त्याचा उपयोग होतो. डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तम. मोबाइलवर चित्रीकरण केले तर हरकत नाही, मात्र त्याने साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही.

आता मुळात मृत्युपत्र हवेच कशाला, हा प्रश्न. ‘मना मांगे हाई बठ्ठं तुमनंच शे’ (माझ्यामागे हे सगळं तुमचंच आहे) असे आबा ओट्यावर बसून चार माणसांत सांगतात आणि घरच्यांना वाटते, झाले. हिंदूंना तोंडी मृत्युपत्र चालत नाही. एक अपवाद मोहिमेवरच्या सैनिकाचा, तो इथे लागू नाही. लिहिले नाही तर हिंदू वारसा कायदा, १९५६ चे कलम ८ लागते आणि त्यात बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. अनेक घरांना तोच हवा असतो. पण ज्या घरात मतिमंद मुलगा आहे, नवऱ्याने टाकलेली लेक आहे, मुलाच्या मागे सासू-सासऱ्यांचे सगळे करणारी विधवा सून आहे, तिथे सारखा वाटा न्यायाचा होतोच असे नाही. पहिली हयात असताना केलेली दुसरी बायको तर कायद्याने वारसच नसते. तिची मुले बापाच्या मिळकतीत वारस ठरतात, तिच्या हाती मात्र काही राहत नाही. तिच्यासाठी काही ठेवायचे असेल तर लिहूनच ठेवावे लागेल.

मूल नसलेल्या विधवेची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, आणि गावात ती जवळपास कोणालाच माहीत नसते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतःच्या कमाईने घेतलेले घर, तिची ठेव, तिचे सोने तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे दिराकडे, पुतण्यांकडे. शेवटच्या दुखण्यात तिला माहेरी नेऊन सांभाळणारी बहीण हात हलवत राहते. आई-बापाकडून वारशाने आलेली जमीन तेवढी बापाच्या वारसांकडे परत जाते. अशी एखादी बाई तुमच्या गावात असेल, अंगणवाडीत काम करणारी, शिवणकाम करणारी, निवृत्तिवेतन घेणारी, तर तिच्यापर्यंत ही गोष्ट तुम्ही स्वतः पोचवा. तिचा कागद अर्ध्या पानाचा असतो.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. माणूस फक्त स्वतःचे देऊ शकतो. सातबारावर एकट्याचे नाव आहे म्हणून सगळी जमीन त्याचीच असते असे नाही. समजा, एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित १२ एकर आहे. वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यावरचा वाद मिटवला. वाटणी झाली तर पाच हिस्से पडतात आणि वडिलांचा हिस्सा २ एकर १६ गुंठे होतो. मृत्युपत्राने ते एवढेच देऊ शकतात. ‘माझी १२ एकर दोन्ही मुलांना’ असे लिहिले तर बाकीच्या क्षेत्रापुरता तो मजकूर निरर्थक ठरतो. काहीच लिहिले नाही तर त्या २ एकर १६ गुंठ्यांचे चार जणांत २४-२४ गुंठे होतात आणि आईसकट प्रत्येकाकडे ३ एकर येते. जमीन वडिलोपार्जित की स्वतंत्र, हे जुन्या फेरफारांवरून कळते. म्हणून आजोबांच्या काळापासूनचे फेरफार काढल्याशिवाय कागद लिहायला बसू नये. वडिलांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जितच असते, हाही गैरसमज आहे. ती कशी आली यावर ते ठरते.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, यावल, चोपडा, रावेर या भागातल्या आदिवासी गावांसाठी वेगळे सांगणे आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी चालते आणि रूढीत विधवेचे आणि लेकीचे काय होते ते तुम्ही जाणता. तिथे लिहून ठेवण्याची गरज जास्तच आहे. पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे मृत्युपत्राने नेण्याचा घाट कोणी घातला आणि तुम्हाला साक्षीदार व्हायला सांगितले, तर कृपा करून होऊ नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चा हेतूच अशी जमीन हातची जाऊ नये हा आहे. वनहक्काचा पट्टा वारशाने जातो, पण तो हस्तांतरित करता येत नाही, तेव्हा बाहेरच्या कोणाला देण्यासाठी मृत्युपत्रात त्याचे नाव घालण्यात अर्थ नाही. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी अटी असलेली, जमीन असेल तरी आधी तहसीलमधून अटी समजून घ्याव्यात. कुळकायद्याखालची शेतजमीन शेतकरी नसलेल्या परक्याला मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले आहे, आणि तो १९४८ चा कायदा मुळात आपल्याच जुन्या मुंबई राज्याचा आहे.

मुस्लिम कुटुंबांत नियम निराळे आहेत. इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकतीचा वसियतनामा करता येत नाही, आणि सुन्नी कायद्याप्रमाणे एका वारसाला जास्त द्यायचे तर बाकीच्यांची संमती मृत्यूनंतर लागते.

आता मजकुराबद्दल. कागद कसलाही चालतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. शंभर-पाचशेचा स्टँप घ्यायलाच हवा असे कचेरीसमोर कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. भाषा साधी असावी. पण वर्णन अचूक हवे, आणि शेतीच्या मृत्युपत्रांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘नदीकाठची शेती थोरल्याला, गावालगतची धाकट्याला’ एवढ्यावर भागत नाही. गावाचे आणि तालुक्याचे नाव, गट क्रमांक, पोटहिस्सा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा आणि खाते क्रमांक हवेत, आणि ते सगळे ताज्या सातबारा व आठ-अ उताऱ्यावरून उतरवावेत. जुना सर्व्हे नंबर आठवणीतून लिहू नये. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर तिचा क्रमांक घालावा.

आणि पाणी. केळीच्या, उसाच्या, कापसाच्या शेतीत जमिनीच्या वाटपापेक्षा विहिरीच्या वाटपावर भाऊ जास्त भांडतात. विहीर एका गटात, पाइपलाइन दुसऱ्या भावाच्या गटातून, वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर. तेव्हा मृत्युपत्रात सरळ लिहावे की अमुक गटातल्या विहिरीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा राहील. पाण्याची पाळी एक आठवडा याची, एक आठवडा त्याची. विजेचा फिडर रात्रपाळीचा असेल त्या आठवड्यालाही पाळी तशीच चालेल. पंप इतक्या अश्वशक्तीचा, ग्राहक क्रमांक हा, बिल आणि मोटारीची दुरुस्ती निम्मी-निम्मी. पाइपलाइन आज जिथून जाते तिथूनच जाईल. ट्रॅक्टरला बांधाच्या कडेने इतक्या फुटांचा रस्ता राहील. हे एवढेच लिहिले असते तर कोर्टात गेलीच नसती अशी प्रकरणे कमी नाहीत. तुकडे पाडतानाही सांभाळावे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे धरले आहे. त्याहून लहान तुकड्यांची वाटणी लिहून ठेवली तर नोंदीच्या वेळी अडचण उभी राहते. पीककर्जाचा बोजा ‘इतर हक्कात’ असेल तर तो जमिनीबरोबरच जातो. कोणत्या गटावर कोणाचे किती कर्ज आहे, हे सोसायटीच्या चेअरमनांइतके कोणाला माहीत नसते, म्हणून या पत्रात तुमचेही नाव आहे.

बायकोसाठी लिहिताना एक वाक्य फार काळजीने लिहावे. ‘माझ्यामागे माझी पत्नी मालक राहील व तिच्यानंतर मुलगे मालक होतील’ या एका ओळीवर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले आहेत. तिला विकण्याचा, देण्याचा हक्क द्यायचा आहे की फक्त हयातीपर्यंत वहिवाट? पहिले असेल तर ‘पूर्ण मालक, विक्री व बक्षिसाच्या हक्कासह’ असे लिहावे आणि पुढे तिच्यानंतरचे काही लिहू नये. दुसरे असेल तर ‘हयातीपर्यंत उत्पन्न व वहिवाट, विक्रीचा हक्क नाही’ असे स्पष्ट लिहावे. आमचे मत विचाराल तर राहते घर आणि काही जमीन तिला पूर्ण मालकीने द्यावी. विकण्याचा हक्क हाती असलेल्या आईला घरात वेगळी वागणूक मिळते, हे तुम्हीही पाहिले आहे.

नात्याच्या नावावर भागवू नये. ‘माझी सून’ म्हणजे कोणती? नाव, वय घालावे. ज्याला दिले तो आधी वारला तर कोणाला, तेही लिहावे. ‘याखेरीज जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती अमुकला’ हे वाक्य विसरले की एखादा भूखंड किंवा बँकेतली विसरलेली ठेव उघड्यावर पडते. आधीची सगळी मृत्युपत्रे रद्द, असेही लिहावे. शेवटचे मृत्युपत्रच चालते, म्हणून तारीख अत्यावश्यक. मुलीला किंवा एखाद्या मुलाला काही देत नसाल तर कारण एका वाक्यात, न दुखावता लिहावे: ‘हिच्या लग्नात व घरबांधणीत मी इतकी मदत केली आहे’. कारण खरे असेल तरच.

नोंदणी सक्तीची नाही, पण करावी असे आम्ही ठामपणे म्हणतो. नोंदणी फी १०० रुपये, पानांप्रमाणे हाताळणी शुल्क वेगळे. दुय्यम निबंधक फोटो आणि अंगठा घेतात, त्यामुळे ‘सहीच त्यांची नाही’ हा आरोप टिकणे अवघड होते, आणि मूळ कागद उंदराने खाल्ला तरी नक्कल मिळते. आजारी माणसासाठी अर्ज केल्यास अधिकारी घरी येऊन नोंदणी करू शकतात. मुलांना कळेल ही भीती अनेकांना असते. लिहून देणारा हयात आहे तोवर नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कोणाला देता येत नाही, नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये तसे आहे. त्याहून गुप्तता हवी असेल तर बंद पाकिटात सीलबंद करून जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते, कलम ४२ प्रमाणे. हयातीत कितीही वेळा बदलता येते.

याच कारणासाठी बक्षीसपत्राची घाई करू नये, असे वयस्कर मंडळींना समजावा. मुला-मुलीला, नातवाला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक अवघा २०० रुपये, म्हणून मुले तेच सुचवतात. बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. सांभाळण्याची अट लिहिली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येते, पण त्यासाठी म्हातारपणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे खेटे घालावे लागतात. मृत्युपत्रात शेवटच्या श्वासापर्यंत मालक तुम्हीच.

बँकेतले नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. नॉमिनी बँकेकडून पैसे घेतो, ते वारसांचे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे असतील त्याचे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विमा मात्र वेगळा. २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी ठेवता येतात. मृत्युपत्रात एक नाव आणि पासबुकावर दुसरे, असे ठेवू नये. भुसावळ रेल्वेतले आणि वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माण्यांतले निवृत्त कर्मचारी गावोगाव आहेत. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही, ते नियमाप्रमाणेच जाते. सुरत, उधना, नवसारीला खोली किंवा भूखंड घेतलेल्यांनी तो याच मृत्युपत्रात घालावा, त्यासाठी वेगळे मृत्युपत्र लागत नाही.

मृत्यूनंतर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची नक्कल द्यावी. सगळ्या वारसांना नोटीस जाते. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि पुढे वरिष्ठांकडे चालते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवते. खान्देशातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचे नाही.

इथे तुमच्या हातातली आणखी एक गोष्ट येते. वारसांच्या नोंदीसाठी गावात जे जबाब आणि पंचनामे होतात त्यांत लग्न झालेल्या मुलींची नावे गाळली जातात. ‘त्या कशाला येतात’ म्हणून. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावण्याचे काम राज्यभर झाले. त्या कागदांवर पंच म्हणून सह्या तुमच्याच गावातल्या माणसांच्या आहेत. मुलीचे नाव नसलेल्या वारस पंचनाम्यावर कृपा करून सही करू नका. तिला हक्क सोडायचा असेल तर ती नोंदलेले हक्कसोडपत्र स्वतः करून देईल, आणि ते समजून-उमजून करून देईल.

शेवटची विनंती एका दिवसापुरती आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुरतेची मुले गावी येतात, शेते रिकामी असतात. १ मेची ग्रामसभा त्याच आसपास पडते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘मृत्युपत्राविषयी माहिती’ हा एक विषय घ्या. तालुका विधी सेवा समितीला महिनाभर आधी पत्र दिले तर वकील मोफत येतात. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तर उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना त्या दिवशी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार तिथेच देता येतील का ते आधी विचारून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनी, नमुना ८ चे उतारे तयार ठेवावेत. त्या दिवशी कोणाच्याही सह्या घेऊ नका, फक्त माहिती आणि उतारे. गर्दीत केलेले मृत्युपत्र पुढे दबावाखाली केले असे म्हणायला सोपे जाते. सही नंतर, ज्याच्या त्याच्या घरी, वर सांगितल्याप्रमाणे व्हावी.

सभा सकाळी आठला सुरू करून अकराच्या आत आटोपा. वैशाखातल्या उन्हात वयस्कर माणसांना दुपारी बसवून ठेवू नका, आणि बायांसाठी पुढच्या रांगा राखा.

आपले,
दिवाणी कामे पाहणारे वकील, दस्तलेखक आणि निवृत्त महसूल कर्मचारी
खान्देश